जनावरांच्या डॉक्टरला माणसांचा डॉक्टर

दवाखान्यात नोकरी केली की किस्से आपोआप साठतात. त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. गुरांच्या दवाखान्यात तर जास्तच साठतात, कारण गुरं बोलत नाहीत आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं गुरांच्या वाटणीचंही बोलून घेतात. मी देवणी तालुक्यातल्या अशाच एका दवाखान्यात पर्यवेक्षक आहे. लसी टोचायच्या, रजिस्टर भरायचं, साहेब नसले की शिव्या खायच्या. बारा वर्षं एका जागी काढली. म्हशींचे किस्से आहेत, बोकडांचे आहेत, एका गाढवाचा आहे. पण घरी पाहुणे आले की फर्माईश एकच असते, "सुनीताताई, ते साहेबांच्या डॉक्टरचं सांगा की!"

साहेब म्हणजे आमचे पशुवैद्यकीय अधिकारी. त्यांना विचारूनच सांगते. ते म्हणाले, "खुशाल सांगा, फक्त नाव बदला." म्हणून मी त्यांना बिराजदार म्हणते. आमच्याकडे एखाद्या लग्नात "ओ बिराजदार" अशी हाक मारली तर अर्धा मांडव वळून बघतो. कुणाला काही कळायचं नाही.

* * *

लम्पीची साथ आली तेव्हा साहेब दिवसाला वीस-वीस गोठे फिरायचे. मी सोबत, आणि गाडीवर आमचे परिचर गफूरमामा. साथ गेली. लसी संपल्या, फवारे संपले, वर्तमानपत्रातल्या बातम्या संपल्या. आणि मग साहेबांना गोठ्यात जाता येईना.

दारापर्यंत नीट जायचे. उंबऱ्याशी पाय थांबायचे. कपाळाला घाम यायचा, हातातली बॅग खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "जनावर बाहेर आणा. उजेडात बघू."

दोन महिने कुणाला काही कळलं नाही. उलट गावोगावी नाव झालं. "बिराजदार साहेब लई बारीक बघतात हो! उन्हात धरून बघतात!"

मग एका गावी व्यालेली म्हैस आडवी पडली. तिला बाहेर कोण आणणार? साहेब दारात उभे राहिले आणि मला आत पाठवलं. "ताई, शीर सापडली का? सावकाश सोडा. कान गरम होतायत का बघा." मी सलाईन लावलं. पाऊण तासात म्हैस उठून उभी राहिली. मालकानं माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. साहेब गाडीत जाऊन बसले होते.

मी गेले तर म्हणाले, "ताई, राजीनामा टाईप करून ठेवलाय. जो डॉक्टर दारातूनच बघून राहिला, तो काय कामाचा?"

पुढे बसलेले गफूरमामा आरशात बघून म्हणाले, "साहेब, राजीनामा नंतर. पहिले डॉक्टर बघू."

"कशाचा डॉक्टर?"

"माणसाचा."

* * *

साहेबांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, मुलीच्या बारावीसाठी लातूरला राहायच्या. त्यांनी फोन करून मला सांगितलं, "ताई, तुम्ही सोबत जा. नाहीतर हे अर्ध्या वाटेतून परत येतील." म्हणून माझी नेमणूक झाली.

पहिला नंबर लातूरच्या मोठ्या मानसोपचार डॉक्टरांचा. हॉलमध्ये बघतो तर सगळी बारावीची पोरंपोरी आणि त्यांचे आईबाप. पोरं पुस्तकं उघडून बसलेली, आईबाप पोरांकडे बघत बसलेले. साहेबांच्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुमचा मुलगा कुठल्या क्लासला आहे?"

साहेब म्हणाले, "मुलगा नाही, माझाच नंबर आहे."

बाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रिपीटर का?"

आत चार मिनिटं लागली. डॉक्टर माणूस चांगला होता, पण बाहेर साठ जण बसलेले. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "ह्यानं झोप लागेल. पण गोळी काही तुम्हाला हाताला धरून गोठ्यात नेणार नाही. बोलायला कुणीतरी शोधा. पहिल्याच ठिकाणी सूत जमेल असं नाही. नाही जमलं तर दुसरीकडे जा, लाजू नका."

आम्ही खाली आलो. गाडी सुरू झाली आणि साहेब एकदम म्हणाले, "थांबवा." परत जिना चढले, नंबर तोडून दार उघडलं आणि आत डोकं घालून म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर किलो."

डॉक्टर म्हणाले, "काय?"

"वजन. तुम्ही न विचारता डोस लिहिलात. आम्ही शेळीचंसुद्धा विचारतो."

* * *

झोप लागायला लागली. म्हणून मग बोलायचा माणूस शोधणं सुरू झालं.

लातूरलाच एक समुपदेशन केंद्र कळलं. माझे मिस्टर शाळेत शिक्षक आहेत, पत्ता त्यांनीच काढून आणला. साहेब दारापाशी म्हणाले, "ताई, तुम्ही पण आत चला. सुरुवात मला जमणार नाही." म्हणून मी आत.

समुपदेशक फार मऊ आवाजाचे. आम्हाला सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. "आधी कोण बोलणार?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब बोलतील."

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "घरातही साहेबच म्हणता?"

"घरात कशाला म्हणेन? दवाखान्यातच काय ते बोलणं."

"म्हणजे घरात बोलणं होत नाही."

"नाही."

"किती वर्षं?"

मला वाटलं नोकरीचं विचारताहेत. म्हटलं, "बारा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बारा वर्षं घरात संवाद नाही. आणि तरीही तुम्ही दोघं आज एकत्र इथपर्यंत आलात. हे फार मोठं आहे."

तेव्हा साहेब पहिल्यांदा बोलले. "त्यात विशेष काही नाही. ह्यांच्या मिस्टरांनीच आम्हाला गाडीत बसवून दिलं."

* * *

त्यानंतर उदगीर. वीस किलोमीटर, जवळ पडेल म्हणून. एक रिटायर्ड प्राध्यापक होते, मानसशास्त्र शिकवलेले. ह्यावेळी मी बाहेरच बसले. पण दार उघडं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"बिराजदार म्हणजे कुठले?"

साहेबांनी गाव सांगितलं.

"मग तुमची एक आत्या निलंग्याला दिलेली का?"

"हो."

"अरे! मग तिच्या जावेचा भाऊ माझा साडू!"

पुढचा पाऊण तास त्या साडूचा ऊस, त्याच्या मुलीचं लग्न आणि लग्नात कोण रुसलं ह्यातच गेला. शेवटी दारापर्यंत सोडायला आले आणि साहेबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "इथलं काही बाहेर जात नसतं. एकदम निर्धास्त राहा."

आम्ही देवणीला पोचायच्या आत गावाकडून साहेबांच्या आईचा फोन आला. "बाळा, मनाचं काय झालंय रे तुला?"

"कुणी सांगितलं, आई?"

"निलंग्याहून आत्याचा फोन आला. ती म्हनली, त्यांनी सांगितलंय की कुनाला सांगू नका."

* * *

चौथं ठिकाण परत लातूरला, एका समुपदेशक मॅडमचं. इथे नातं निघालं नाही. बोलणंही चांगलं चाललं होतं. मग त्या म्हणाल्या, "आता जरा मन शांत करू. डोळे मिटा. दीर्घ श्वास घ्या. कल्पना करा, तुम्ही एका हिरव्यागार माळावर आहात. वारा वाहतोय. समोर गाई चरताहेत. त्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येताहेत..."

साहेबांनी डोळे उघडले. "किती गाई?"

"किती? तुम्हाला वाटतील तेवढ्या."

"लसीकरण झालंय का?"

त्या म्हणाल्या, "झालंय असं समजा."

साहेब उठून उभे राहिले. "असं समजूनच पंचाईत होते, मॅडम."

त्या दिवशी परतताना चहाला थांबलो, तेव्हा साहेबांनी मला रजिस्टर काढायला लावलं. "ताई, लिहा. आपल्याला कसा माणूस पाहिजे ते एकदा ठरवू. उगाच गावोगाव फिरण्यात अर्थ नाही."

मी मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं. नातेवाईक नसावा. सोबत आलेल्या बाईला बायको समजणारा नसावा. डोळे मिटायला लावणारा नसावा. आपली भाषा कळणारा असावा. घाईत नसावा.

गफूरमामा बशीतला चहा संपवून म्हणाले, "आणि गाडी लावायला सावली पाहिजे. ते पण लिहा, म्याडम."

लिहिलं.

* * *

मग वहिनींच्या ओळखीतून फोनवरच्या एका बाईंचा नंबर मिळाला. ह्या पुण्याच्या. घरबसल्या बोलायचं, जायचं-यायचं नाही. पण आमच्या दवाखान्यात रेंज येत नाही. रेंज येते ती बाहेरच्या लिंबाखाली. आणि त्या लिंबालाच खोडा आहे, म्हणजे जनावर अडकवून सुई मारायचा लाकडी सांगाडा. तर दर बुधवारी साहेब त्या खोड्यात, जनावराच्या जागी उभे राहून फोनवर बोलायचे. बाहेरगावचे लोक विचारायचे, "साहेबांना का अडकवलंय?"

बाईंचा आवाज मोठा होता. मी खिडकीत बसून औषधांचा हिशोब लिहायची, पण कान काही झाकता येत नाहीत.

तीन बुधवार साहेब हवापाण्याचं बोलले. चौथ्या बुधवारी म्हणाले, "मला सखूचं सांगायचंय."

बाई म्हणाल्या, "सांगा. सखू तुमच्या कोण होत्या?"

"पेशंट."

"काय झालं होतं त्यांना?"

"ताप. अंगभर गाठी. सहा दिवस काही खाल्लं नाही. मी रोज जात होतो. सातव्या दिवशी सकाळी गेली."

"फार वाईट वाटतं ऐकून. वय काय होतं?"

"सात वर्षं."

पलीकडून हुंदकाच ऐकू आला. "अरे देवा! सातच वर्षं! आई होती जवळ?"

"आई कुठली? तिलाच आठ दिवसांचं लेकरू होतं."

मला वाटलं रेंज गेली. मग बाई हळूच म्हणाल्या, "नंतरचं... अंत्यविधीला तुम्ही होतात?"

साहेब म्हणाले, "नाही. मी फोनवरूनच जेसीबी पाठवला."

* * *

पण त्या पुण्याच्या बाईंना मी नावं ठेवणार नाही. गाय आहे हे कळल्यावर त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आपण होऊन त्यांचा फोन आला. "डॉक्टर, मी तुम्हाला पुरी पडणार नाही. तुमचं दुःख खरं आहे, पण मला त्याच्या आजूबाजूचं काही माहीत नाही. नांदेडला माझी एक मैत्रीण आहे. कंधारकडची, शेतकऱ्याच्या घरची. तिच्याशी बोला."

साहेबांनी नांदेडला फोन लावला आणि रजिस्टरचं मागचं पान समोर धरलं. एकेक अट वाचून दाखवली. त्या बाईंनी सगळ्या ऐकून घेतल्या.

"नातं निघालं तर दुसरा पत्ता देईन. डोळे उघडे ठेवा. सोबत कुणालाही आणा. मी तुम्हाला लागू पडते का, ते तीन भेटींत कळेल. नाही पडले तर तोंडावर सांगा, मी वाईट वाटून घेणार नाही."

साहेब म्हणाले, "आणि सावली?"

"कसली?"

"गाडीला."

"बदामाचं झाड आहे दारात."

आम्ही शनिवारी निघालो. शंभर-सव्वाशे किलोमीटर. बाईंचं घर बैठं, पुढची खोली कामाची. वय असेल छत्तीस-सदतीस. मी बाहेर ओट्यावर बसले. साहेब तासाभरानं बाहेर आले, चेहरा बराच मोकळा.

"काय बोललात?" मी विचारलं.

"लम्पीवर लेक्चर दिलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्यांनी लिहून घेतलं."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, लसीकरणाचं नीट कळलं नाही, पुढच्या शनिवारी परत सांगा."

* * *

दुसऱ्या शनिवारी साहेब आत गेले आणि गप्प बसले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. अर्धा तास झाला तरी एक शब्द नाही. शेवटी बाईंनी विचारलं, "आज काही बोलायचं नाही का?"

साहेब चिडले. "माझे पेशंट कधीच बोलत नाहीत. तरी मी ओळखतो. तुम्हालाही ओळखता आलं पाहिजे."

बाईंना राग आला नाही. "तुम्ही कसं ओळखता?"

"डोळे बघतो. कान बघतो. नाक ओलं आहे का बघतो. रवंथ करतंय का बघतो."

"रवंथ तर तुम्ही दीड वर्षापासून करून राहिलात."

"रवंथ चालू असणं चांगलं लक्षण आहे, मॅडम."

बाई म्हणाल्या, "गाईचं."

* * *

तिसऱ्या भेटीत बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "सखूला तुम्ही शेवटचं बघितलं, त्या संध्याकाळी स्वतः काय खाल्लं होतं?"

साहेबांना वाटलं हे तर सोपं आहे. ते सांगायला लागले आणि मधेच थांबले. त्या दिवशी नांदेडहून देवणीपर्यंत त्यांनी ते मला आणि मामांना सांगितलं. मामांनी गाडी चाळीसच्या वर नेली नाही.

सखू चंपामावशींची. चंपामावशी एकट्या राहणाऱ्या, साठीच्या पुढच्या. गाय दारात नाही, घरातच बांधलेली म्हटलं तरी चालेल. त्या संध्याकाळी मावशींनी साहेबांना शेंगदाण्याचा लाडू दिला आणि विचारलं, "वाचंल का?" साहेब म्हणाले, "उद्या सकाळी उभी राहील, मावशी. माझा शब्द."

"आणि ताई, मला माहीत होतं," साहेब म्हणाले. "तिचा श्वास बघितला होता मी. सकाळ बघणार नाही हे मला माहीत होतं. पण खरं सांगितलं असतं तर तिथं थांबावं लागलं असतं, आणि अजून चार गावं बाकी होती. लाडू खाल्ला आणि खोटा शब्द देऊन निघालो. सकाळी मावशीचा फोन आला तर उचलला नाही. सरपंचांना फोन करून जेसीबी पाठवला. तेव्हापासून त्या गावाला तुम्हाला पाठवतो, मी जात नाही."

मुखेडच्या पुढे आल्यावर मामांनी विचारलं, "साहेब, मग ही बाई लागू पडली का?"

साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पडली."

* * *

मग बाईंनी गृहपाठ दिला. रोज सकाळी एका ठरलेल्या गोठ्यावर जायचं. काम काही करायचं नाही. पहिल्या दिवशी दारात उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी एक पाऊल आत. तिसऱ्या दिवशी दोन. घाबरलं की थांबायचं, पण पळायचं नाही. घाम ओसरला की मगच बाहेर.

दवाखान्याच्या मागेच एका शेतकऱ्याचा गोठा होता, चार म्हशींचा. तो ठरवला. रोज सकाळी आठला साहेब यायचे, मोजून पावलं टाकायचे, मधोमध उभे राहायचे, दहा मिनिटांनी निघून जायचे. मामा दारात उभे राहून पावलं मोजायचे आणि मी वहीत लिहायची.

चौथ्या दिवशी त्या शेतकऱ्यानं मामांना बाजूला घेतलं. "मामा, साहेब रोज येऊन नुसतं उभं का राहून राहिले?"

आता साहेबांचं कसं सांगणार? मामांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "योजना हाय नवी."

"काय मिळतं?"

"ते अजून वरून कळलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या दारात अकरा जण. सगळ्यांच्या हातात आधारची झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो. सगळ्यात पुढचा म्हणाला, "साहेब, आमच्या पण गोठ्यात उभं ऱ्हावा!"

मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं आता चिडतील. साहेबांनी कागद घेतले, एकेक नाव वाचलं आणि म्हणाले, "ताई, नोंद करा. रोज एक."

अकरा दिवसांत अकरा गोठे झाले. पहिल्या तीन गोठ्यांत साहेबांनी माझा दंड घट्ट धरला होता. सातव्या गोठ्यात गेले तर एक कालवड लंगडत होती. साहेब खाली बसले, तिचा खूर हातात घेतला, खुरातला काटा काढला, औषध लावलं. उठल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण कुठे बसलो होतो. मला म्हणाले, "ताई, किती पावलं झाली?"

मी म्हटलं, "आज मोजलीच नाहीत."

राजीनामा टाईप करून ठेवलेला होता, त्याच्या मागच्या बाजूला मी नंतर लाळ्या-खुरकुताच्या लसीची मागणी लिहिली. कागद चांगला जाड होता.

* * *

आता शेवटचा सांगते आणि उठते, भाकरी टाकायच्या आहेत.

एके दिवशी साहेब म्हणाले, "ताई, चंपामावशीकडे जाऊ." मी आणि मामा लगेच गाडीत बसलो. मावशी दारातच मिरच्या निवडत होत्या. गाडी बघितली आणि उठून थेट आत गेल्या. दार लोटून घेतलं!

साहेब अंगणात उभे राहिले. बंद दाराला म्हणाले, "मावशी, मी खोटं बोललो होतो. सखू जाणार हे मला माहीत होतं. तुम्हाला सांगायला पाहिजे होतं, तुमच्याजवळ थांबायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

मग दार उघडलं. मावशींच्या हातात एक रिकामी बाटली होती, इंजेक्शनची.

"डाक्टर, तुमचं कशाचं चुकलं? तुमच्या माघारी मी दुसऱ्याकडून सुई मारून घेतली होती. फटफटीवर फिरतो तो. तुमाला सांगितलं न्हाई. त्यानंच गेली माझी गाय. तुमी सकाळी आला न्हाईत तवा मला वाटलं, तुमाला कळलं. तवापासून तुमची गाडी आली की मी आत जाते."

साहेबांनी बाटली उजेडात धरून वाचली. दोनदा वाचली. "मावशी, ही ताकदीची सुई आहे. ह्यानं गाय मरत नाही."

"खरं सांगताव का? का त्या दिवशीसारकं?"

"खरं. आता खोटं सांगत नाही मी."

मावशी उंबऱ्यावर बसल्या. पदर तोंडाला लावून खूप वेळ रडल्या. साहेब त्यांच्या शेजारी खाली बसले आणि ह्या वेळी कुठेही गेले नाहीत. चार गावं राहिली त्या दिवशी. मी फोन करून उद्या येतो म्हणून कळवलं.

निघताना मावशींनी विचारलं, "तुमाला हे बोलायला कुनी शिकवलं?"

साहेबांनी नांदेडच्या बाईंचं सांगितलं. मावशी म्हणाल्या, "मला पण न्या तिच्याकडं. माझ्या बी पोटात लई साठलंय. सांगायला घरात हाय कोन?"

पुढच्या शनिवारी गाडीत चौघं. मावशींनी इरकली नेसली होती, सोबत शेंगदाण्याचे लाडू बांधून घेतले होते. साहेब म्हणाले, "आज माझा वेळ मावशींना द्या." बाईंनी मावशींना आत नेलं, दार लावलं. आम्ही तिघं ओट्यावर.

एक तास झाला. सव्वा झाला. दीड तासानं दार उघडलं. मावशी पदर सावरत बाहेर आल्या, चपला घातल्या.

मी विचारलं, "मावशी, बोललात का मोकळं?"

"मी कवा बोलू? तीच बोलत होती की. लई साठलेलं होतं पोरीच्या पोटात."

मागे दारात बाई उभ्या होत्या. डोळे लाल, हातात अर्धा लाडू. त्यांनी साहेबांकडे बघितलंच नाही.

"मावशी, पुढच्या शनिवारी याल ना?"

मावशी म्हणाल्या, "बघू. मिरच्या वाळल्या तर."